कांचपेटींतल्या पाणवनस्पतींचा दिवा



कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यानें थांबते तें स्टेशन शहाडचें. एका बाजूस उल्हासनगरची दाट वस्ती आणि दुसऱ्या बाजूस उल्हास नदीचें पात्र, अशा बेचक्यांत हें गांव आहे. येथील बैठ्या घरांच्या जागीं आतां मजल्यांवर मजले चढले. अंगण गेलें, तुळस खिडकीच्या जाळींत आली, आणि ज्या मुलांना ओढ्यावर जाऊन मासे पाहतां येत नाहींत, त्यांच्यासाठीं घरोघर कांचेच्या पेट्या आल्या. मी शाळेंतून निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारचीं मुलें आणि त्यांचे आईबाप जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतील एक आज आपणांपुढें मांडतों. प्रश्न असा : लहानशा कांचपेटींत मासे आणि पाणवनस्पति ठेवावयाच्या असतील, आणि त्यांसाठीं यंत्रांचा पसारा मांडावयाचा नसेल, तर त्या पेटीवर दिवा कोणता लावावा?

कोणी म्हणेल, यांत विचारावयाचें काय आहे? दुकानांत जावें आणि खिशाला परवडेल तेवढा मोठा दिवा आणावा. पुष्कळ घरांत होतें तें असेंच. तीन-चार आठवड्यांत पाणी हिरवें होतें, कांचेवर शेवाळ चढतें, पानें चिकट होऊन कुजतात, आणि दोन महिन्यांच्या आंत ती पेटी रिकामी होऊन माळ्यावर जाते. पैसे जातात त्याचें फारसें वाटत नाहीं. परंतु आपल्या हातून कांहीं जगत नाहीं, अशी जी समजूत त्या मुलाच्या मनांत घर करून बसते, तिचें मला शिक्षक या नात्यानें फार वाईट वाटतें. आणि दोष मुलाचा नसतो. दिव्याविषयींच्या एका चुकीच्या कल्पनेचा असतो. ती कल्पना दूर करावयाची, तर या दिव्याचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहिला पाहिजे.

पाण्यांतल्या झाडाला उजेड लागतो, हें माणसाला कळलें केव्हां? इ. स. १७७१ च्या सुमारास जोसेफ प्रीस्टले या इंग्रज धर्मोपदेशकानें असें दाखविलें, कीं मेणबत्ती जळून निरुपयोगी झालेल्या कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली, तर कांहीं दिवसांनीं ती हवा मेणबत्ती जाळण्यास पुन्हा योग्य होते. परंतु हा प्रयोग कधीं साधे, कधीं फसे. त्याचें मर्म यान इंगेनहूस या डच वैद्यानें १७७९ सालीं उघड केलें. त्यानें हिरवीं पानें पाण्यांत बुडवून उन्हांत ठेवलीं, तेव्हां त्यांवर बुडबुडे धरले. अंधारांत नेतांच बुडबुडे थांबले. हें कार्य उन्हाच्या उष्णतेचें नव्हे, प्रकाशाचें आहे, हेंहि त्यानें पारखून घेतलें.

आपल्या शाळांतून हाच प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. चंचुपात्रांत पाणी घेऊन त्यांत हायड्रिलाच्या काड्या ठेवावयाच्या, वर नरसाळें उपडें घालावयाचें, नरसाळ्याच्या नळीवर पाण्यानें भरलेली परीक्षानळी पालथी धरावयाची आणि सगळा सरंजाम उन्हांत नेऊन ठेवावयाचा. मी वर्गांत मुलांना मिनिटास किती बुडबुडे निघतात तें मोजावयास लावीत असें. श्रावणांतल्या अंधारलेल्या दुपारची मोजणी आणि दिवाळीनंतरच्या लख्ख सकाळची मोजणी शेजारीं शेजारीं फळ्यावर लिहिली, म्हणजे वेगळें व्याख्यान द्यावें लागत नसे. ढगाळ दिवशीं आम्ही दिव्याचा उपयोग करूं. दिवा जवळ आणावा तसे बुडबुडे वाढत. परंतु एका मर्यादेपुढें तो कितीहि जवळ आणला, तरी संख्या जागची हलत नसे. मग पाण्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, कीं ती पुन्हा चढूं लागे. ही सोड्याची गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. आजच्या विषयाची किल्ली तिच्यांत आहे.

आतां कांचपेटीकडे येऊं. इ. स. १८२९ मध्यें लंडनच्या नाथानिएल वॉर्ड या डॉक्टरानें एका बंद बाटलींत पतंगाचा कोश ठेवला होता. बाटलींतील ओलसर मातींत नेच्याचें एक रोप आपोआप उगवलें आणि वरून पाणी न घालतां जगलें. त्यावरून बंद कांचपेटींत रोपें जगविण्याची युक्ति निघाली. चीनमधून चहाचीं रोपें समुद्रमार्गें हिंदुस्थानांत आलीं, तीं असल्याच पेट्यांतून. पुढें १८४९ मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनज्ञानें हीच कल्पना पाण्यांत उतरविली. त्यानें कांचेच्या पात्रांत दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची, फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पति लावली. मासे श्वासावाटे सोडतात तो कर्बाम्लवायु, म्हणजे हल्लींच्या पुस्तकांतला कार्बन डायऑक्साइड, हें झाडाचें अन्न. आणि झाड उजेडांत सोडतें तो प्राणवायु हें माशांचें जीवन, असा तो हिशेब होता. परंतु जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. तेव्हां त्यानें कुजलेलें पान खाणाऱ्या गोगलगाई त्यांत सोडल्या, आणि जमाखर्च जुळला. हा वृत्तांत १८५० सालीं लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें आला. मासा, झाड आणि गोगलगाय यांपैकीं कोणा एकाचें माजणें तिघांसहि घातक होतें, हा त्यांतील बोध.

पुढें या छंदास फार वेळ लागला नाहीं. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ मध्यें फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणास पोंचली. आगगाडी आणि कांचपेटी या अशा एकाच सुमाराच्या आहेत.

त्या काळीं पेटीला दिवा म्हणजे खिडकीच. लोक ती खिडकींत ठेवीत, आणि तेथेंच अडचण येई. नदीच्या तळाशीं असलेल्या झाडाला उजेड वरून येतो आणि पाण्यांतून गाळून येतो. खिडकींतल्या पेटीला तो बाजूनें आणि भडक येतो. परिणामीं कांच हिरवी होई, आणि उन्हाळ्यांत पाणी तापे. म्हणून जाणत्या लोकांनीं बाजूचा उजेड अडवून तो वरूनच घेण्याची शिकस्त केली. आज आपण पेटीच्या झाकणांत दिवा बसवितों, त्याचें मूळ या अनुभवांत आहे; तो डोळ्यांस दिसावयास बरा म्हणून तेथें आलेला नाहीं.

प्रकाशाचे रंगहि सारखे नसतात. १८८२ सालीं थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकाखालीं शेवाळाच्या एका तंतूवर लोलकांतून काढलेला सप्तरंगी पट्टा पाडला आणि त्या पाण्यांत प्राणवायूच्या ओढीनें धांवणारे जंतु सोडले. ते जंतु तंतूभर सारखे न पसरतां तांबड्या आणि निळ्या-जांभळ्या रंगाच्या जागीं दाटले. हिरव्या रंगाच्या जागीं तुरळक राहिले. जेथें प्राणवायु अधिक निघतो तेथें ते जमले, हें उघड आहे. झाड तांबडा आणि निळा प्रकाश अधिक पचवितें आणि हिरवा पुष्कळसा परत टाकतें; म्हणून तर तें आपल्याला हिरवें दिसतें.

यानंतर १९०५ सालीं केंब्रिजच्या एफ. एफ. ब्लॅकमन यांनीं जो नियम मांडला, तो आपल्या प्रश्नाच्या अगदीं मुळाशीं जातो. एखादें कार्य अनेक गोष्टींवर अवलंबून असेल, तर त्यांतील जी गोष्ट सर्वांत तोकडी असेल, तीच त्या कार्याची गति ठरविते. स्वयंपाकघरांतला दाखला द्यावयाचा, तर तवा एकच असतां कणीक चौपट मळून पोळ्या चौपट होत नाहींत; उरलेली कणीक आंबते मात्र. पाण्यांतल्या झाडाचा तवा म्हणजे कर्बाम्लवायु. हा वायु हवेपेक्षां पाण्यांत सुमारें दहा हजार पटीनें सावकाश पसरतो. ज्यांनीं पेटीला वायूची नळकांडी जोडलेली नाहीं, त्यांच्या झाडांना तो तुटपुंजाच मिळतो. अशा पाण्यावर प्रखर दिवा लावला, तर झाडें कांहीं वेळानें थांबतात आणि उरलेला प्रकाश शेवाळाच्या पदरांत पडतो. कारण थोडक्या अन्नावर भराभर वाढण्यांत शेवाळाचा हात धरणारें दुसरें कोणी नाहीं. शाळेंतल्या सोड्याचें गूढ हेंच होतें. दिवा कमी नव्हता. वायु कमी होता, आणि सोड्यानें तो पुरविला. अर्थात् हें ऐकून कोणीं माशांच्या पेटींत सोडा टाकूं नये. तो प्रयोग चंचुपात्रापुरता आहे.

आतां विजेकडे वळूं. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी नळांतून कोंकणांत उतरवून त्याच्या जोरावर वीज काढण्याची टाटांची योजना १९१५ सालीं खोपोलीस सुरू झाली. पाठोपाठ १९२२ मध्यें भिवपुरीचें आणि १९२७ मध्यें भिऱ्याचें केंद्र चालू झालें. यांपैकीं भिवपुरीशीं आमच्या गांवाचें नातें निकटचें आहे. मावळांतील आंध्रा नदी मूळची पूर्ववाहिनी; तिचें पाणी इंद्रायणी आणि भीमा यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागराकडे जावयाचें. तें ठोकरवाडीच्या धरणानें अडविलें आणि डोंगर पोखरून दीड हजार फुटांहून अधिक खालीं भिवपुरीस आणलें. तेथें चाकें फिरवून झालीं, कीं तें उल्हास नदीस मिळतें. वीज तारांवरून मुंबईकडे जाते आणि पाणी आमच्याकडे येतें. भर वैशाखांत उल्हास वाहती राहते, ती बहुतांशीं या पाण्यामुळें आणि बारवी धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळें. शहाड-टेमघर योजनेनें हेंच पाणी शहाडास उचलून भिवंडी, ठाणें आणि मीरा-भाईंदरपर्यंत नेलें आहे. याच टापूंत जी. आय. पी. रेल्वेनें गाड्यांसाठीं १९२९ सालीं ठाकुर्लीस चोळ्याचें वीजघर उभारलें, आणि १९५६ मध्यें शहाडास सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. गाड्या आणि गिरण्या यांच्यासाठीं उत्पन्न झालेली ही शक्ति हळूहळू घरांतल्या दिव्यापर्यंत आली, आणि मग कोठें माशांच्या पेटीवर.

पेटीवरचा पहिला विजेचा दिवा तारेचा, म्हणजे एडिसननें १८७९ मध्यें सिद्ध केला त्या घराण्यांतला. त्याचा पिवळसर तांबूस प्रकाश झाडांना मानवे. परंतु तो वीज घेई त्यांतील बहुतेक भागाची उष्णता करी. थंड देशांत ही ऊब सोयीची असेल. कोंकणपट्टींत ती संकट होती. पाणी तापलें कीं त्यांत मुरणारा प्राणवायु घटतो : वीस अंशांस लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, तर तीस अंशांस सुमारें साडेसात. म्हणजे माशाचा श्वास वाढावयाचा त्याच वेळीं श्वासाची सामग्री कमी व्हावयाची.

१९३८ सालीं अमेरिकेंत नळीचा दिवा बाजारांत आला. तोच आपली ट्यूबलाइट. पाऱ्याच्या वाफेंतून वीज गेली कीं अदृश्य किरण निघतात, आणि नळीच्या आंतून दिलेला लेप त्यांचा दृश्य प्रकाश करतो. उजेड तिप्पट-चौपट, उष्णता थोडी, आणि पेटीच्या लांबीबरोबर तो सारखा पसरणारा. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन झालें. त्यानंतर कित्येक वर्षें ठाणें-कल्याणकडील कुटुंबें सुटींत मुलांना घेऊन तेथें जात. आंधाऱ्या दालनांत उजळलेल्या कांचा पाहून आलेल्या मुलानें घरीं पेटी मागितली नाहीं, असें क्वचितच घडलें असेल. २०१५ मध्यें नव्या रूपांत उघडलेलें तें मत्स्यालय पुढें बंद करावें लागलें. पण त्यानें लावलेला नाद टिकला.

तिसरी पिढी एलईडीची. तांबडे आणि हिरवे एलईडी आधींच होते. निळा साधत नव्हता, आणि त्यावांचून पांढरा उजेड होईना. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांच्या परिश्रमानें तेजस्वी निळा दिवा १९९३ च्या सुमारास हातीं आला. त्यासाठीं त्यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या कणावर पिवळा लेप दिला कीं पांढरा प्रकाश होतो. ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनें हा दिवा आपल्या देशांत सामान्य घरांतहि स्वस्त झाला.

अमानो आडनांवाचे दुसरे एक जपानी गृहस्थ आपल्या विषयांत प्रसिद्ध आहेत. ताकाशी अमानो, जन्म १९५४, मृत्यु २०१५. प्रखर दिवे, नळकांड्यांतून सोडलेला कर्बाम्लवायु आणि नित्य छाटणी यांच्या बळावर त्यांनीं कांचपेटींत डोंगर, दऱ्या आणि कुरणें उभीं केलीं. त्यांचीं चित्रें पाहून जगभर लोक वेडे झाले, आणि त्यांतील अनेकांनीं दिवा तेवढा उचलला. वायु आणि मेहनत तेथेंच राहिली. याच्या उलट बाजूस डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिका. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानें साधी माती, थोडे मासे, पुष्कळ झाडें आणि माफक उजेड एवढ्यावर पेटी चालते, हें सप्रमाण मांडलें. दुपारीं कांहीं तास दिवा मालवून झाडांना विश्रांति द्यावी, म्हणजे तेवढ्या वेळांत पाण्यांतला कर्बाम्लवायु पुन्हा सांठतो, असाहि त्यांचा सल्ला आहे. वॉरिंग्टनचा १८५० चा जमाखर्च येथें दीडशें वर्षांनीं पुन्हा मांडला गेला. आमच्या जिल्ह्यांत २००५ नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत कित्येक पेट्यांना ही दुपारची विश्रांति सक्तीनें मिळाली. तेवढ्यानें झाडें मेलीं, असें माझ्या ऐकिवांत नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवड. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी घेऊं. तिचें घनफळ दोन घनफूट, म्हणजे सुमारें ५६ लिटर. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जातां पाणी पंचेचाळीस लिटर धरावें. प्रकाशाचें माप ल्यूमेन. तें हल्लीं दिव्याच्या खोक्यावर छापलेलें असतें. वायु न पुरविलेल्या पेटीस लिटरमागें पंधरा ते पंचवीस ल्यूमेन पुरे, असा व्यवहारांतला ठोकताळा आहे. मध्यम वीस धरले, तर नऊशें ल्यूमेन झाले. एवढा उजेड नऊ-दहा वॉटचा साधा एलईडी देतो. तारेच्या दिव्यानें तो मिळवावयास पाऊणशें वॉट आणि ट्यूबलाइटनें वीस वॉट लागत. रोज सात तासांप्रमाणें महिन्याची वीज एलईडीला दोन युनिटांच्या आंत, ट्यूबला चारांहून थोडी अधिक आणि तारेच्या दिव्याला जवळजवळ सोळा युनिट. महिनाभर झाडें जगविण्यास दोन युनिट वीज पुरत असेल, तर मोठ्या दिव्यासाठीं कर्ज काढण्याचें कांहींच कारण नाहीं.

रंगासाठीं खोक्यावर केल्विनचा आंकडा पाहावा. पांच हजार ते साडेसहा हजार हा दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, तो घ्यावा. एंगेलमानचा प्रयोग आठवून कोणी केवळ जांभळा-गुलाबी दिवा आणतात. झाडें त्याखालींहि वाढतात; परंतु मासे आणि पानें त्यांत आपल्या रंगानें दिसत नाहींत, आणि घरांत ठेवलेली पेटी शेवटीं डोळ्यांसाठीं असते. पांढऱ्या प्रकाशांत तांबडा आणि निळा हे दोन्ही असतातच. दिवा पेटीच्या लांबीबरोबर पसरलेला असावा. एका टोंकास एकच गोळा लावला, तर तेथें शेवाळ आणि दुसऱ्या टोंकास अंधार होतो. उजेड अधिक झाला, तर नवा दिवा घेण्यापूर्वीं आहे तोच चार-सहा इंच वर टांगून पाहावा. वरच्या कांचेवर क्षार आणि धूळ बसते. ती आठवड्यास पुसली नाहीं, तर आपण विकत घेतलेला उजेड तेथेंच अडतो.

वेळेचा नियम दिव्याच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा. पहिले दोन आठवडे सहा तास; झाडांनीं मूळ धरलें कीं पंधरवड्यास अर्धा तास वाढवीत सात-आठ तासांपर्यंत जावें, पुढें नव्हे. हातानें लावण्या-मालविण्यांत विसर पडतो. दिवाळीस गांवीं जाण्याच्या घाईंत दिवा आठ दिवस तसाच राहतो. साधा टायमर ही चिंता दूर करतो. वायर नेहमीं आधीं सॉकेटच्या खालीं झोळासारखी लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलें पाणी खालींच ठिबकतें. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं बटण बंद करावें. हा नियम मुलांना दिव्याच्या आधीं शिकवावा.

झाडेंहि दिव्यास अनुरूप निवडावीं. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, जावा फर्न, ॲनुबियास, पाण्यांतलें शेवाळ-गवत म्हणून विकलें जाणारें जावा मॉस, हीं मंद उजेडांत समाधानानें राहतात. क्रिप्टोकोरिन या नांवानें बाजारांत परदेशी म्हणून मिळणाऱ्या कुळांतील कांहीं जाति आपल्या कोंकणांतल्या ओहळांत मूळच्याच आहेत. मात्र रानांतून रोपें उपटून आणूं नयेत. साताऱ्याकडील पठारांवरचा वायतुरा ही पाणवनस्पति सह्याद्रीबाहेर जगांत कोठें सांपडत नाहीं. तिला आपल्या पेटीची गरज नाहीं, आपल्या संयमाची आहे.

दिवा बरोबर बसला कीं नाहीं, हें पानेंच सांगतात. कांचेवर आणि पानांवर हिरवा थर झपाट्यानें चढूं लागला, तर तास कमी करावे आणि माशांचें खाणें हातचें राखून घालावें. देठ लांबट, फिकट होऊन दिव्याकडे ताणले गेले, तर अर्धा तास वाढवावा. एका वेळीं एकच बदल करून दोन आठवडे वाट पाहावी. मुलाला एक वही द्यावी : दिवा किती तास, पाण्याचा रंग कसा, नवें पान आलें कीं नाहीं. ज्या मुलानें अशी वही सहा महिने लिहिली, त्याला ब्लॅकमनचा नियम पाठ करावा लागणार नाहीं.

आणि हा नियम पेटीपुरता नाहीं, हें सांगून मी आपली रजा घेणार आहें. अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्याच्या दिवसांत मोहने-शहाडच्या बाजूस उल्हास नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें शोभेची म्हणून ती देशोदेशीं गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गें आपल्याकडे आली. नदीला सूर्याचा दिवा फुकट आहे, आणि सांडपाण्यावाटे खतहि आपण फुकट पुरवितों; मग वाढीला तोकडें असें कांहीं उरतच नाहीं. जलपर्णी वर माजते, तिच्याखालीं उजेड पोंचत नाहीं, तळाचीं झाडें मरतात, कुजणाऱ्या पानांनीं प्राणवायु आटतो आणि मासे गुदमरतात. पेटींत जें दोन महिन्यांत घडतें, तेंच येथें मोठ्या मानानें घडत आहे, आणि या पात्रांतलेंच पाणी लाखों लोक पितात. सूर्याला झाकण घालतां येत नाहीं. सांडपाणी मात्र शुद्ध केल्यावांचून नदींत सोडूं नये, असा आग्रह आपणांला धरतां येतो, आणि तो धरलाच पाहिजे.

प्रत्येक घरानें करावयाची गोष्ट त्याहून सोपी आहे. पेटींतलीं छाटलेलीं पानें, नकोशीं झालेलीं रोपें आणि कंटाळून सोडून द्यावेसे वाटणारे मासे नदींत किंवा तलावांत टाकूं नयेत. रोपें वाळवून कुंडीच्या मातींत मिसळावीं, मासे दुसऱ्या छांदिष्टास द्यावे. नऊ वॉटचा दिवा, सात तासांचा नियम आणि एवढी एक खबरदारी घेतली, तर शहाडसारख्या गांवांतल्या तिसऱ्या मजल्यावरहि उल्हासेच्या तळाचा एक स्वच्छ तुकडा मुलाला रोज पाहावयास मिळेल.